चित्रपट-संगीतकार आणि बॅले : एका दुर्मीळ सहवासाचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपटाचे पार्श्वसंगीत आणि बॅलेचे संगीत यांच्यात एक मूलभूत साम्य आहे. दोन्ही ठिकाणी संगीत हे डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीच्या सोबतीने उभे राहते. दोन्ही ठिकाणी शब्दांच्या आधाराविना कथा पुढे न्यावी लागते. दोन्ही ठिकाणी संगीतकाराला दुसऱ्या कलावंताने ठरवून दिलेल्या प्रसंगावर आणि दुसऱ्याच कोणीतरी ठरवून दिलेल्या मुदतीत काम करावे लागते. असे असूनही ज्यांची उपजीविका चित्रपटावर चालली, त्या संगीतकारांच्या हातून बॅले क्वचितच लिहिले गेले. जॉन विल्यम्स यांनी अनेक वाद्यांसाठी कॉन्चेर्टो लिहिले. परंतु पूर्ण लांबीचे बॅले त्यांच्या कार्यसूचीत नाही. बर्नार्ड हरमन याने १९४३ ते १९५१ या काळात 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीवर ऑपेरा रचला. तो त्याच्या हयातीत संपूर्णपणे रंगमंचावर आलाच नाही, आणि १९७५ मध्ये हरमन वारला. एरिख कोर्नगोल्डचे उदाहरण अधिकच विचार करायला लावणारे आहे. त्याचे 'हिममानव' हे मूकनाट्यात्मक बॅले १९१० मध्ये व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेरागृहात सादर झाले, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. पुढे तो हॉलिवूडला गेला, १९३८ च्या 'रॉबिन हूड'साठी ऑस्कर मिळवले, चित्रपटांतील स्वरकल्पना घेऊन व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला, सिंफनी लिहिली. बॅलेकडे मात्र तो परतला नाही.

या वस्तुस्थितीचे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. चित्रपट-संगीतकाराला एक-दोन मिनिटांचे तुकडे लिहिण्याची सवय लागते, त्यामुळे दीड-दोन तासांचा सलग आकृतिबंध त्याला पेलत नाही, असे ते स्पष्टीकरण आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अपुरे असून इतिहासाशी विसंगतही आहे. बॅलेचे सर्वाधिक रूढ संगीत मुळात तुकड्यांचेच बनलेले आहे. म्हणून उत्तर संगीतकाराच्या कुवतीत न शोधता कामाचा क्रम, मोबदल्याची रीत आणि प्रतिष्ठेची उतरंड यांत शोधावे लागते. येथे 'चित्रपट-संगीतकार' ही संज्ञा ज्याचा मुख्य व्यवसाय चित्रपट आहे अशासाठी वापरली आहे. मैफलीच्या संगीतातून चित्रपटाकडे अधूनमधून वळलेल्यांचा वर्ग वेगळा आहे आणि तो वेगळा ठेवणे विवेचनासाठी आवश्यक आहे.

पूर्वज : बॅलेचा पगारी संगीतकार

एकोणिसाव्या शतकातील सेंट पीटर्सबर्गमध्ये शाही रंगभूमीच्या आस्थापनेवर बॅले-संगीतकाराचे अधिकृत पद होते. चेझारे पुन्यी हा इटालियन १८७० मध्ये मरेपर्यंत त्या पदावर होता. त्याच्या नावावर तीनशेच्या वर बॅले मोडतात. त्याच्यानंतर लुडविग मिंकुस आला. 'डॉन किहोते' (१८६९) आणि भारतीय देवदासीची कथा सांगणारे 'ला बायादेर' (१८७७) ही त्याची कामगिरी आजही जगभर नाचली जाते. या दोघांना समकालीन समीक्षकांनी संगीतकार म्हणून फारशी किंमत दिली नाही. त्यांच्याकडून अपेक्षा होती ती अशी : नृत्यरचनाकार सांगेल त्या लयीत, सांगेल तितक्या लांबीचे, नर्तिकेच्या उडीला आणि गिरकीला सोयीचे संगीत वेळेवर मिळावे, आणि तालमीत बदल झाला तर तेही निमूटपणे बदलून मिळावे.

हे वर्णन १९३० नंतरच्या हॉलिवूडमधील स्टुडिओच्या संगीत-विभागाला शब्दशः लागू पडते. तेथेही पगारी संगीतकार होते, मुदत आठवड्यांत मोजली जात होती, आणि कथेच्या गरजेनुसार सेकंदासेकंदाचे माप दिले जात होते. मॅक्स स्टायनरने 'गॉन विथ द विंड' (१९३९) साठी अनेक वाद्यवृंदरचनाकारांच्या मदतीने तीन तासांच्या आसपास संगीत काही आठवड्यांत उभे केले. पुन्यीला ही कार्यपद्धती मुळीच अपरिचित वाटली नसती. चित्रपट-संगीतकाराचा खरा पूर्वज ऑपेराचा संगीतकार नव्हे, तर बॅलेचा हा पगारी संगीतकार होय.

शाही रंगभूमीचे संचालक व्सेवोलोझ्स्की यांनी १८८६ मध्ये हे पद रद्द केले. बॅलेसाठी सिंफनीकारांना पाचारण करावे, असा त्यांचा विचार होता, आणि त्यातूनच चायकोव्हस्कीची 'निद्रिस्त सुंदरी' (१८९०) व 'नटक्रॅकर' (१८९२) ही बॅले जन्माला आली. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पद गेले तरी कामाची पद्धत गेली नाही. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा याने चायकोव्हस्कीला दिलेल्या टिपणांत प्रसंग, लय आणि बारची (स्वरलिपीतील मात्रागटांची) संख्या नोंदलेली आहे. 'नटक्रॅकर'मधील नाताळचे झाड वाढत जाते त्या प्रसंगासाठी त्याने ४८ बारांची मागणी केली होती. चायकोव्हस्कीने ही मापे बहुतांशी पाळली, आणि जिथे ओलांडली तिथे पेतिपाला जुळवून घ्यावे लागले. थोडक्यात, मोजून दिलेल्या चौकटीत थोर संगीत लिहिता येते हे चित्रपटाच्या जन्मापूर्वीच सिद्ध झाले होते.

परंतु १८८६ च्या निर्णयाचा दूरगामी परिणाम वेगळा झाला. बॅलेचे संगीत म्हणजे 'खऱ्या' संगीतकाराने लिहिलेले संगीत, ही अपेक्षा रुजली. द्यागिलेव्हच्या बॅले-मंडळाने स्ट्राविन्स्कीकडून 'अग्निपक्षी' (१९१०), 'पेत्रुश्का' (१९११) आणि 'वसंतोत्सव' (१९१३) लिहवून घेतल्यावर तर बॅले हे नव्या संगीताचे अग्रस्थान बनले. त्याच सुमारास चित्रपटही आपले पहिले संगीत मागत होता. 'ड्यूक द गीझची हत्या' या १९०८ च्या फ्रेंच चित्रपटासाठी काम्यी सँ-सान्स याने संगीत रचले. त्यापूर्वी १८९६ मध्ये त्याने 'जाव्होत' हे बॅलेही लिहिले होते. म्हणजे अगदी आरंभी दोन्ही घरे एकाच माणसाला खुली होती. पुढील पंचवीस वर्षांत एक घर प्रतिष्ठेचे आणि दुसरे पोटापाण्याचे ठरत गेले.

आधी चित्र की आधी स्वर

या दोन कामांतील सर्वांत निर्णायक फरक क्रमाचा आहे. चित्रपटात सामान्यतः चित्रण आणि संकलन आधी होते, संगीत शेवटी येते. संगीतकारासमोर पडद्यावरचा प्रसंग पूर्ण स्वरूपात असतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दार केव्हा उघडते, नायक केव्हा वळतो हे त्याला ठाऊक असते. बॅलेत उलट घडते. संगीत आधी लिहिले जाते, तेही कागदावरच्या आराखड्यावरून. आणि नृत्यरचना त्यावर बेतली जाते. जो माणूस आयुष्यभर पाहून लिहीत आला, त्याला येथे न पाहिलेल्या गोष्टीसाठी लिहावे लागते. आधाराचा खांब काढून घेतल्यासारखी ही अवस्था असते.

दुसरा फरक लयीचा. चित्रपटाची लय एकदा ध्वनिमुद्रित झाली की कायमची गोठते. म्हणूनच स्टुडिओत हेडफोनमधून ठोके ऐकवून वाद्यवृंदाला चित्राशी बांधून ठेवण्याची पद्धत आली. बॅलेची लय रोज रात्री नव्याने ठरते. नर्तिकेचा पाय दुखावलेला असेल, रंगमंच उतरता असेल, पाहुणा नर्तक उंच उडी घेणारा असेल, तर वाद्यवृंद-संचालकाला ती लय सांभाळावी लागते. त्यामुळे संगीतात अशा ताणण्या-आखडण्याला जागा ठेवणे हे बॅले-संगीतकाराचे एक गुप्त कौशल्य आहे. मिंकुसकडे ते भरपूर होते. त्याच्या साध्या वाल्ट्झ-रचनांना नर्तक आजही का जपतात, याचे कारण येथे सापडते.

प्रोकोफिएव्हच्या अनुभवात हे दोन्ही फरक शेजारी-शेजारी पाहता येतात. 'रोमिओ आणि ज्युलिएट' त्याने १९३५-३६ मध्ये रचले. मॉस्कोतील प्रयोग रखडला, पहिले सादरीकरण १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे झाले, आणि लेनिनग्राडच्या किरोव्ह रंगमंदिरात ते १९४० मध्ये पोहोचले. तेथील नर्तकांना या संगीतावर नाचणे अशक्य वाटले. वाद्यमेळ विरळ आहे, ठोका ऐकू येत नाही, अशा तक्रारी झाल्या. नृत्यरचनाकार लाव्रोव्हस्की याने नव्या नृत्यांची मागणी केली आणि संगीतकाराला नाखुशीने भर घालावी लागली. याच काळात आयझेनस्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८) वर तो काम करीत होता. संध्याकाळी चित्रित भाग पाहावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संगीत तयार करून आणावे, अशी त्याची गती होती, असे आयझेनस्टाइनने नोंदले आहे. काही ठिकाणी तर दिग्दर्शकाने संगीत आधी घेऊन चित्र त्याला जुळवले. एकाच माणसाला चित्रपटात विश्वासाचा सहकारी लाभला आणि बॅलेत आठ-दहा हितसंबंधांशी झगडावे लागले. ही गंमत नंतर आणखी पुढे गेली : प्रोकोफिएव्हच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १९७५ मध्ये, युरी ग्रिगोरोविच याने 'इव्हान द टेरिबल' हे बॅले बोल्शोई रंगमंदिरात उभे केले. त्याचे संगीत प्रामुख्याने प्रोकोफिएव्हने आयझेनस्टाइनच्या चित्रपटासाठी लिहिलेले होते. मिखाईल चुलाकी याने त्याची जुळणी केली होती. चित्रपटाचे संगीत बॅलेसाठी अयोग्य असते, हा समज या एका कृतीने खोटा पाडला.

अशा उदाहरणांची संख्या थोडकी नाही. फोकीनने १९४२ मध्येच 'लेफ्टनंट किझे' या चित्रपटसंगीतावर 'रशियन सैनिक' हे बॅले बसवले होते. निनो रोटाने फेलिनीच्या 'ला स्त्रादा' (१९५४) चे संगीत घेऊन त्याच नावाचे बॅले १९६६ मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंदिराला दिले. मॅथ्यू बोर्न यांनी २०१६ मध्ये 'रेड शूज' हे नृत्यनाट्य केले, तेव्हा १९४८ च्या मूळ चित्रपटासाठी ब्रायन ईझडेलने लिहिलेले, ऑस्करप्राप्त संगीत बाजूला ठेवून हरमनच्या रचना वापरल्या. ईझडेलने त्या चित्रपटातील पंधरा मिनिटांहून मोठे बॅले चित्रणाआधी लिहिले होते आणि त्याचे ध्वनिमुद्रण टॉमस बीचम याच्या संचालनाखाली झाले होते. म्हणजे बॅलेचा क्रम त्याने चित्रपटात पाळला. रंगमंचावर 'रेड शूज' आले तेव्हा मात्र बॅलेला हवे होते ते चित्रपटाच्या क्रमाने लिहिणाऱ्या हरमनचे संगीत.

यावरून प्रश्न अधिक नेमका होतो. चित्रपट-संगीतकाराचे संगीत बॅलेला चालते; चालत नाही ती चित्रपट-संगीतकाराला बॅलेसाठी कामावर घेण्याची कल्पना.

सन १९३६ : शोस्ताकोविच

सोव्हिएत रशियात या प्रश्नाला जिवावरचे वळण लागले. शोस्ताकोविचने विद्यार्थिदशेत लेनिनग्राडच्या चित्रपटगृहांत मूकपटांसाठी पियानो वाजवून घर चालवले होते. १९२९ मध्ये 'नवे बॅबिलोन' या मूकपटाचे संगीत त्याने लिहिले आणि लगोलग तीन बॅले रचली : 'सुवर्णयुग' (१९३०), 'बोल्ट' (१९३१) आणि 'निर्मळ ओढा' (१९३५). 'बोल्ट' एका प्रयोगानंतर बंद पडले. 'निर्मळ ओढा' मात्र लोकांना आवडले. लेनिनग्राडनंतर ते मॉस्कोच्या बोल्शोईतही आले. सामूहिक शेतावरच्या आनंदी जीवनाची ही कथा होती आणि तीत आक्षेपार्ह असे काही शोधणे कठीण होते. तरीही २८ जानेवारी १९३६ रोजी 'प्रावदा'ने त्याच्या ऑपेरावर हल्ला चढवला आणि ६ फेब्रुवारीला या बॅलेवर दुसरा. बॅलेतील शेतकरी खोटे आहेत, संगीताचा त्यांच्याशी संबंध नाही, असा त्या दुसऱ्या लेखाचा आशय होता. बॅलेच्या संहितेचा एक लेखक आद्रियान पिओत्रोव्हस्की हा लेनिनग्राडच्या चित्रपट-स्टुडिओचाही प्रमुख कलात्मक मार्गदर्शक होता. त्याला १९३७ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घालण्यात आली.

शोस्ताकोविचने त्यानंतर पुन्हा एकही पूर्ण बॅले लिहिले नाही. चित्रपटाचे काम मात्र त्याने कधी थांबवले नाही. एकूण तीसहून अधिक चित्रपटांना त्याचे संगीत आहे, आणि त्यांतील बहुसंख्य १९३६ नंतरचे आहेत. याचे एक कारण उघड आहे. चित्रपटात दोष आढळला तर तो प्रथम दिग्दर्शकाचा आणि पटकथेचा मानला जाई. संगीत पार्श्वभूमीला राहून बचावत असे. बॅलेच्या फलकावर संगीतकाराचे नाव सर्वांत वर असे आणि म्हणून फटकाही आधी त्यालाच बसे. स्टालिनला चित्रपट आवडत असत, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही. पुढे १९६२ मध्ये लेनिनग्राडच्या माली रंगमंदिरात 'तरुणी आणि गुंड' हे बॅले आले. पण त्याचे संगीत शोस्ताकोविचच्या जुन्या रचना दुसऱ्याने जुळवून केलेले होते. बॅलेला त्याचे संगीत मिळाले. संगीतकार मिळाला नाही.

हा अनुभव पश्चिमेकडील संगीतकारांना जसाच्या तसा लागू करणे योग्य ठरणार नाही. तेथे भीती तुरुंगाची नव्हती. पडलेल्या बॅलेचा ठपका मात्र तेथेही संगीतकाराच्या नावावरच येई. बेंजामिन ब्रिटन याने तीसच्या दशकात माहितीपटांसाठी भराभर संगीत लिहिले ('नाइट मेल', १९३६). त्याचे एकमेव पूर्ण लांबीचे बॅले 'पॅगोड्यांचा राजपुत्र' १९५६ वरून १९५७ वर ढकलावे लागले, ते लिहिताना तो थकून गेला, आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

पैसा, हक्क आणि वेळ

अमेरिकेतील परिस्थिती मुख्यतः आर्थिक होती. ॲरन कोपलंड याला 'ॲपलेशियन स्प्रिंग' या बॅलेसाठी एलिझाबेथ स्प्राग कूलिज यांच्याकडून मिळालेले मानधन ५०० डॉलर होते. वॉशिंग्टनमधील ज्या सभागृहात १९४४ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तेथील वादकांची जागा इतकी अपुरी होती की संगीत केवळ तेरा वाद्यांसाठी लिहावे लागले. कोपलंडने ते सोसले, कारण त्याची ओळख मैफलीतील संगीतकार अशी होती आणि हे काम त्या ओळखीत भर घालणारे होते. १९४५ चे पुलित्झर पारितोषिक त्याला याच कृतीसाठी मिळाले. त्याच्या नावावर 'ऑफ माइस अँड मेन' (१९३९) आणि ऑस्करप्राप्त 'द एअरेस' (१९४९) हे चित्रपट आहेत, तरी तो चित्रपटावर अवलंबून नव्हता. जो अवलंबून होता, त्याने वर्षभराचे काम पाचशे डॉलरसाठी का करावे?

हक्कांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकी स्टुडिओ-पद्धतीत संगीत हे नोकरीत केलेले काम मानले जाई आणि त्याची मालकी स्टुडिओकडे जाई. बॅलेत हक्क संगीतकाराकडे राहतो आणि प्रत्येक प्रयोगामागे त्याला काही रक्कम मिळते. वरकरणी बॅले अधिक न्याय्य दिसते. परंतु नवे बॅले एका हंगामात मोजके प्रयोग पाहते आणि बहुधा पुढील हंगामात विसरले जाते. १९४८ च्या एका न्यायालयीन निकालानंतर अमेरिकेतील चित्रपटगृहे संगीताच्या सादरीकरणाचे शुल्क देईनाशी झाली. तरी दूरचित्रवाणीवर आणि परदेशांत चित्रपट दाखवला गेला की संगीतकाराला वाटा मिळत राही. एका यशस्वी चित्रपटाचे असे उत्पन्न वर्षानुवर्षे येत राहते.

राहिला वेळ. चित्रपटाच्या करारांत दोन चित्रपटांमध्ये फट फार थोडी असते. मिक्लोश रोझा याने एमजीएमशी करार करताना स्वतःच्या रचनांसाठी उन्हाळ्यात रजेची अट घातली होती, ही अपवादाची गोष्ट. त्याच्या कारकिर्दीचा उगम मात्र या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १९३५ मध्ये लंडनमध्ये मार्कोव्हा-डोलिन मंडळासाठी त्याने 'हुंगारिया' हे बॅले लिहिले. ते फ्रेंच दिग्दर्शक जाक फेडर याच्या पाहण्यात आले, आणि त्यातून रोझाला 'नाइट विदाउट आर्मर' (१९३७) हा पहिला चित्रपट मिळाला. वाट बॅलेकडून चित्रपटाकडे गेली, उलट नाही. दिमित्री त्योमकिनचेही तसेच. त्याची पत्नी आल्बर्टिना राश ही व्हिएन्नाची नर्तकी आणि नृत्यरचनाकार. तिच्या नर्तिकांच्या ताफ्याला हॉलिवूडने बोलावले आणि १९३० च्या सुमारास त्योमकिनने चित्रपटातल्या तिच्या बॅले-दृश्यांसाठी संगीत लिहायला सुरुवात केली. पुढे तो पाश्चिमात्य घोडदळपटांचा नामवंत संगीतकार झाला. ॲलेक्स नॉर्थ हाही ॲना सोकोलोव्ह हिच्या नृत्यमंडळातून आलेला. जॉर्ज ऑरिक याने द्यागिलेव्हसाठी बॅले लिहून मग 'रोमन हॉलिडे'पर्यंत मजल मारली. तो मध्ये बॅलेकडे परतला, पण तो पॅरिसचा होता आणि तेथे दोन्ही कामे एका शहरात, एकाच मित्रमंडळात चालत.

हे शहराचे कारण मला महत्त्वाचे वाटते. लंडन, पॅरिस आणि लेनिनग्राड येथे स्टुडिओ व नृत्यरंगमंदिर यांच्यातील अंतर ट्रामच्या प्रवासाएवढे होते. म्हणून ऑर्थर ब्लिस 'थिंग्ज टु कम' (१९३६) या चित्रपटानंतर लगेच 'चेकमेट' (१९३७) हे बॅले लिहू शकला; माल्कम आर्नल्ड चित्रपटांमागून चित्रपट करीत असतानाही २ जून १९५३ रोजी, राज्याभिषेकाच्या रात्री, कॉव्हेंट गार्डनला 'राणीला मानवंदना' हे बॅले देऊ शकला; आणि मोरिस झार 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'नंतर १९६५ मध्ये रोलाँ पेतीसाठी 'नोत्र-दाम द पारी' लिहू शकला. अमेरिकेत बॅले न्यूयॉर्कला आणि स्टुडिओ लॉस एंजेलिसला. मधे संपूर्ण खंड पसरलेला.

दिवंगत संगीतकाराची सोय

नृत्यरचनाकारांची बाजूही पाहिली पाहिजे. नव्या संगीताची त्यांना खरोखर किती गरज होती? जॉर्ज बॅलेनशीनने 'सेरेनेड' चायकोव्हस्कीच्या आयत्या रचनेवर केले. जॉन क्रँकोच्या 'ओनेगिन' (१९६५) मध्ये चायकोव्हस्कीच्या विविध रचना जोडलेल्या आहेत. केनेथ मॅकमिलनच्या 'मानों' (१९७४) मध्ये मास्नेचे संगीत आहे. पण त्याच कथेवरील मास्नेच्या ऑपेरातील एकही स्वरावली त्यात घेतलेली नाही. दिवंगत संगीतकार मुदत चुकवत नाही, तालमीत वाद घालत नाही, मानधन मागत नाही. शिवाय १९४८ नंतर दीर्घवादी तबकड्या आल्यामुळे नृत्यरचनाकाराला पूर्ण वाद्यवृंद आपल्या खोलीत ऐकता येऊ लागला. नव्या संगीताचे मात्र त्याला तालमीत पियानोवर वाजवलेले सांगाडेच ऐकायला मिळत. ऐकलेल्याकडे दुर्लक्ष करून न ऐकलेल्यावर पैसे लावणारा व्यवस्थापक विरळा.

ही सवय चित्रपटालाही लागली, आणि तिचा सर्वांत क्रूर फटका नॉर्थला बसला. '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) साठी त्याने लिहिलेले संगीत कुब्रिकने काढून टाकले आणि आयत्या रचना वापरल्या. त्यांत खाचातुरियनच्या 'गायाने' या बॅलेतील एक संथ भाग होता. नृत्याकडून चित्रपटाकडे आलेल्या संगीतकाराची जागा अशा रीतीने चित्रपटात बॅलेनेच घेतली.

अलीकडील काळात चित्र काहीसे पालटले आहे. डॅनी एल्फमन यांनी २००८ मध्ये ट्वायला थार्प यांच्यासाठी 'रॅबिट अँड रोग' लिहिले. जॉबी टॅलबट यांनी चित्रपट करता करता लंडनच्या रॉयल बॅलेला 'ॲलिस' (२०११) आणि 'द विंटर्स टेल' (२०१४) ही दोन मोठी बॅले दिली. संगणकावर वाद्यवृंदाचा नमुना आधीच ऐकवता येऊ लागल्याने पियानोच्या सांगाड्याची अडचण आता उरलेली नाही. पण मानधनाचे आणि प्रयोगसंख्येचे गणित फारसे बदललेले नाही.

मुंबईकडून पाहता

भारतात बॅले हा शब्द वेगळ्या अर्थाने रुळला. उदयशंकर यांच्या मंडळात स्वरलिपी देऊन संगीत लिहवून घेण्याची रीत नव्हती. संगीत दिग्दर्शक तालमीत नर्तकांसमोर बसून रचना करीत असे. तिमिर बरन हे त्या मंडळातून बाहेर पडले ते कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये आणि 'देवदास' (१९३५) च्या संगीताशी जोडले गेले. त्यांच्यामागे मंडळाचे संगीत विष्णुदास शिराली यांनी सांभाळले. पलुस्करांच्या परंपरेत शिकलेल्या या कलावंताची दखल आपल्याकडील चित्रपट-संगीताच्या इतिहासांत जवळजवळ घेतली जात नाही, हे खेदकारक आहे. रविशंकर हे मुंबईत अंधेरीला 'इप्टा'च्या मध्यवर्ती पथकात नृत्यनाट्यांसाठी संगीत करीत होते. त्याच १९४६ साली 'धरती के लाल' आणि 'नीचा नगर' हे त्यांचे दोन चित्रपट आले. येथेही वाट नृत्याकडून चित्रपटाकडेच जाते.

मुंबईच्या चित्रपट-संगीतकाराला मात्र बॅले लिहिण्यासाठी स्टुडिओबाहेर जाण्याचे कारणच उरले नाही. 'आवारा' (१९५१) मधील नऊ मिनिटांच्या सुमाराचे स्वप्नदृश्य घ्या : शंकर-जयकिशन यांचे संगीत, आणि नृत्यरचना सिमकी यांची, ज्या एकेकाळी उदयशंकर यांच्या प्रमुख सहनर्तकी होत्या. शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये वसंत देसाई यांनी जे केले ते रंगमंचावरील कोणत्याही नृत्यनाट्य-मंडळाच्या ऐपतीबाहेरचे होते. वाद्यवृंद लिहिणारे हात शहरात होते. ते प्रामुख्याने गोमंतकीय होते. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा करून मैफली केल्या. सिंफनीचा प्रयत्न झाला, बॅलेचा झाला नाही. कारण बॅले त्यांना दर महिन्याला स्टुडिओत, गाण्याच्या मधल्या तुकड्यांत, रोख मजुरीवर लिहायला मिळतच होते. शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपला, म्हणजे १९५२ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या मंडळाला, अशी मजुरी देणे शक्य नव्हते.

शिराली यांचे या क्षेत्रातील सर्वांत विस्तृत काम शेवटी एका चित्रपटातच राहिले. उदयशंकर यांचा 'कल्पना' मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत चित्रित होऊन १९४८ मध्ये प्रदर्शित झाला, आणि धंद्याच्या दृष्टीने पडला. त्याची जीर्णोद्धारित प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. मंडळाच्या १९३७ च्या अमेरिका दौऱ्यात केलेल्या काही तबकड्या आणि ही प्रत यांवरूनच आज त्या नृत्यांचे संगीत ऐकता येते.